'कलाकाराची कल्पना' माझी नव्हती

मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबागच्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंना फलक सुरू होतात. समुद्रालगतचे दुसरे घर, मुंबईच्या धकाधकीपासून दूर, वगैरे वगैरे. प्रत्येक फलकावर एक चित्र. पांढराशुभ्र बंगला, निळा तरणतलाव, त्याच्यापलीकडे त्याहून निळा समुद्र आणि सगळ्यावर संध्याकाळचे सोनेरी ऊन. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: 'चित्र ही केवळ कलाकाराची कल्पना आहे.'

मैत्रिणींनो, ती कलाकार मी आहे. सगळ्याच फलकांची नव्हे, पण त्यातल्या काहींची नक्की. माझे नाव त्यावर नसते आणि कल्पना तर माझी कधीच नसते. तरीही जबाबदारी टाळायची वेळ आली की त्या ओळीत मला पुढे केले जाते. बिल्डर म्हणतो, हे मी म्हटलेले नाही, कलाकाराला असे वाटले. म्हणून एकदा या कलाकाराला खरोखर काय वाटते ते सांगून टाकायचे आहे.

मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला तेव्हा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरचे दिवस होते. नंतर नकाशे संगणकावर आले. दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑफिस सुटले (सुटले म्हणजे काय, कोणाचे सुटते हे आपल्याला माहीत आहे), आणि घरी वापरलेला संगणक घेऊन मी थ्रीडी व्ह्यू करून द्यायला लागले. पापड लाटणाऱ्या बाईला शेकड्यावर पैसे मिळतात, मला व्ह्यूवर. पसंत पडला नाही तर पुन्हा करून द्यायचा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. पापडवालीला लागू होणारी ही गोष्ट मलाही लागू होते, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरले. माऊस हातात असला की आपण कामगार नाही असे वाटू लागते!

हे काम चालते कसे ते थोडे सांगते, कारण यातच पुढच्या भांडणाचे मूळ आहे. आर्किटेक्टच्या ऑफिसातून नकाशाची फाइल येते. नकाशा सपाट असतो. मी त्यातल्या रेषांना उंची देते, भिंती उभ्या राहतात. मग प्रत्येक पृष्ठभागाला त्याचे 'मटेरियल' लावायचे. जांभा किती खडबडीत दिसावा, काच किती चमकावी, ओल्या लादीत आकाश किती उमटावे, हे सगळे आकड्यांत सांगायचे असते. मग सूर्य बसवायचा. गावाचे अक्षांश-रेखांश, महिना आणि वेळ भरली की सावली प्रत्यक्षात जिथे पडली असती तिथेच पडते. शेवटी कॅमेरा ठेवायचा आणि यंत्राला सांगायचे, काढ चित्र. एकेका किरणाचा माग काढत, तो कुठे आपटला, किती उजेड घेऊन परतला, याचा हिशेब करत यंत्र चित्र भरत जाते. माझ्या जुन्या संगणकाला एका चित्राला अख्खी रात्र लागते. मी जेवणाचे बघते, मुलांचे अभ्यास घेते आणि पंखा माणसांकडून काढून संगणकाकडे वळवते.

म्हणजे सूर्य खरा असतो, सावली खरी असते. बाकीच्याची चौकशी कोणी करत नाही.

आमचा समुद्र मातकट आहे, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. खाड्यांचा गाळ त्यात उतरतो. ओहोटीला पाणी इतके मागे जाते की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत लोक चालत जातात. पण माझ्या एकाही चित्रात आजवर ओहोटी आलेली नाही. 'मॅडम, पाणी जरा निळं करा' हा निरोप ठरलेला. नारळी-पोफळीच्या ऐवजी वाळवंटातल्या खजुरीसारखी झाडे लावायची, कारण ती 'प्रीमियम' दिसतात. नागाव-चौलच्या वाड्यांतून सुपारी खाऊन मोठ्या झालेल्या माणसांनी हे सांगावे, याची कमाल वाटते.

आणि माणसे! झाडे, गाड्या, खुर्च्या यांच्यासारखीच माणसेही लायब्ररीतून तयार मिळतात. त्यातल्या बायका पाहा. तलावाकाठी पहुडलेली, योगासन करणारी, हातात पेला घेऊन कठड्याला टेकलेली, मुलामागे हसत धावणारी. भारतीय स्त्री हवी म्हणून शोधले तर मला सजलेली नवरी मिळाली आणि डोक्यावर घागरी घेतलेली राजस्थानी बाई मिळाली. गुडघ्यावर लुगडे नेसलेली, डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन एसटी पकडायला पळणारी बाई मला एकाही लायब्ररीत सापडलेली नाही. आरामात असलेली बाई विकत मिळते, कामात असलेली मिळत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती माझ्या हातून झाली आहे, म्हणून सांगायला जड जाते.

काही वर्षांपूर्वी एका बंगल्यांच्या योजनेचे काम माझ्याकडे आले. गाव आणि योजना दोन्हींची नावे देत नाही. चित्राला पार्श्वभूमी म्हणून जागेचे फोटो पाठवले होते. बांधकामाचा प्लॉट आणि समुद्र यांच्यामध्ये कोळीवाड्याचे खळे होते. शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर जवळा पसरलेला, कडेला बांबू रोवून दोऱ्यांवर बोंबील टांगलेले आणि सातआठ बायका उकिडव्या बसून मासळी निवडत असलेल्या. फोटोबरोबर निरोप होता: 'समोरचं सगळं साफ करा. लॉन टाका, दोन आरामखुर्च्या ठेवा.'

साफ करा! जणू कोणी कचरा टाकून गेले होते. आणि मी ते केले. त्यासाठी फार वेळही लागला नाही. बायका पुसल्या, बांबू पुसले, जवळ्याच्या जागी हिरवळ उगवली. सावलीसुद्धा नीट जुळवली, कारण त्यात माझा हात चांगला आहे. चित्र त्यांना एका फेरीत पसंत पडले.

त्या जागेवर काय होते हे ज्यांनी खळे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी समुद्रात जाते ती पुरुषाची, पण किनाऱ्याला लागल्यावर मासळीचे पुढचे सगळे बाईच्या हातात. ताजी विकायची ती पाटीतून विकते. उरलेली निवडायची, धुवायची, वाळत घालायची. दिवाळीपासून वैशाखापर्यंत खळे रिकामे राहत नाही. जवळा एका उन्हात फिरवावा लागतो, बोंबील आतून ओला राहिला तर भुंगा लागतो, करंदी सोलून सोडे करायचे तर पहाटेपासून बसावे लागते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा घर चालते ते या सुक्या मासळीवर आणि आगोटीच्या बाजारात ती विकून आलेल्या पैशांवर. नवऱ्याच्या नावावर होडी असेल, घर सासऱ्याच्या नावावर असेल. बाईच्या हातात रोख पैसा येतो तो या खळ्यावरून. त्याचा सात-बारा तिच्या नावावर नाही, कोणाच्याच नाही. आजी बसायची तिथे नात बसते, एवढाच काय तो तिचा कागद.

बंगले विकले गेले. माणसे सुटीला आली. आणि मग ग्रामपंचायतीत अर्ज गेला की समोर मासे वाळत घालतात, वास येतो, माश्या होतात, ही जागा मोकळी करावी. अर्जाला जोडून काय दिले असेल? माझे चित्र. घर घेताना आम्हाला असे दाखवले होते, हे त्याच्यावर लिहून.

मला तो अर्ज कोळीवाड्यातल्याच एका ओळखीच्या काकीने दाखवला. चित्र माझे आहे हे तिला माहीत नव्हते. मी तेव्हा सांगितलेही नाही.

यातला अन्याय नीट पाहा. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला. त्याच्या १२ व्या कलमात स्पष्ट आहे की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्यात त्याचे नुकसान झाले तर बिल्डरने भरपाई द्यावी. म्हणजे फसव्या चित्राबद्दल दाद मागायचा हक्क बंगला घेणाऱ्याला आहे. त्याने तो वापरला नाही. बिल्डरशी भांडण्यापेक्षा खळ्यावरच्या बायकांना उठवणे सोपे वाटले असणार. आणि ज्या बायका चित्रातून पुसल्या गेल्या त्यांना त्या चित्राविरुद्ध कुठे जाता येते? कुठेही नाही. त्या ना ग्राहक, ना जमीनमालक, ना जाहिरातीतल्या मॉडेल.

इथे मला आपल्या चळवळीलाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. जाहिरातीतल्या बाईबद्दल आपण पुष्कळ लढलो. स्त्रियांचे अशोभनीय चित्रण रोखणारा कायदा १९८६ साली आला. त्या काळात आपल्यातल्या कित्येकींनी पोस्टरांना डांबर फासले आहे. ते योग्यच होते. पण तो सगळा विचार बाई कशी दाखवली आहे याभोवती फिरत राहिला. बाई दाखवलीच नाही तर? टायर विकायला अर्धनग्न बाई उभी केली की आपल्याला चीड येते आणि यायलाच हवी. पण जिथे रोज पन्नास बायका राबतात त्या जागेच्या चित्रात एकही नाही, याची चीड आपल्याला का येत नाही? उघड्या बाईची तक्रार करायला कायदा आहे. वगळलेल्या बाईची तक्रार कोणत्या कलमाखाली करायची?

हे फक्त बंगल्यांपुरते नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचे कमळाच्या आकाराचे चित्र आपण किती वर्षे वर्तमानपत्रांत पाहिले! विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले, चित्र त्याच्या कितीतरी आधी लोकांच्या मनात बांधून झाले होते. त्यासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावे उठली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, टेकडी कापली गेली. यातले काही त्या चित्रात दिसायचे नाही, कारण ते आकाशातून पाहिलेले असायचे. त्याचा आराखडा झाहा हदीद यांच्या संस्थेचा. झाहा हदीद म्हणजे वास्तुकलेतले प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री, २००४ साली. २०१६ मध्ये त्या गेल्या, हे काम त्यांच्या पश्चात संस्थेकडे आले. तेव्हा बाईने स्थापन केलेली संस्था असली म्हणजे जमिनीवरच्या बाईच्या बाजूने चित्र निघेल, असे काही नसते. माझ्यासारखी गावातली बाई माऊस धरून बसली तरी निघत नाही, हे मी वर सांगितलेच आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ज्याचे पैसे तो ठरवतो.

याच्या मुळाशी गेले तर आणखी मौज आहे. संगणकावर घनाकार चित्रे काढायची विद्या अमेरिकेत युटा विद्यापीठात वाढली. तिथे १९७१ साली आंरी गुरो नावाच्या फ्रेंच संशोधकाने आपली बायको सिल्व्ही हिच्या चेहऱ्यावर रेषा आखल्या, त्या रेषांची मोजमापे संगणकात भरली आणि चपट्या तुकड्यांचा चेहरा गुळगुळीत कसा दाखवायचा ते सोडवले. त्या रीतीला आजही गुरोचे नाव आहे. त्याच विद्यापीठातल्या मार्टिन न्यूएलला १९७५ च्या सुमाराला नमुन्यासाठी एखादी वस्तू हवी होती. बायको सँड्रा म्हणाली, आपला चहाचा सेट घे की. ती चहाची किटली या विद्येत इतकी प्रसिद्ध झाली की कित्येक सॉफ्टवेअरांत ती आजही तयार मिळते, आणि मूळ किटली संग्रहालयात ठेवली आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात प्रतिमांवर प्रयोग करायला चित्र हवे होते, तर 'प्लेबॉय' मासिकातल्या एका मॉडेलचा फोटो घेतला गेला, आणि जगभरचे संशोधक तोच वापरत राहिले. आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने तो आपल्या नियतकालिकांत घ्यायचा नाही असे ठरवले ते २०२४ साली! म्हणजे चेहरा बायकोचा, किटली बायकोच्या सूचनेची आणि प्रयोगाला देह मासिकातल्या बाईचा. बाई या विद्येत पहिल्या दिवसापासून आहे. फक्त मोजपट्टी तिच्या हातात नव्हती.

ती हातात घ्यायची असे मी ठरवले, पण त्यात शौर्य काही नाही. तो अर्ज पाहिल्यानंतर मला झोप लागेना, एवढेच. काकीला जाऊन खरे काय ते सांगितले. ती रागावली नाही, हे जास्त लागले. म्हणाली, "पुसलंस ना? आता परत काढ."

त्यासाठी मी ब्लेंडर शिकले. सॉफ्टवेअर म्हटले की लाखाच्या गोष्टी असतात असे आपल्याला वाटते, आणि माझ्या कामातल्या काहींच्या खरोखर असतात. ब्लेंडर मात्र फुकट आहे, आणि तेही कोणा कंपनीच्या उदारपणामुळे नव्हे. ते नेदरलँड्समध्ये तयार झालेले. मागची कंपनी २००२ साली बंद पडली तेव्हा वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली, सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि ते सर्वांसाठी खुले करून घेतले. २०२५ साली ज्या 'फ्लो' या लाटव्हियन चित्रपटाला ॲनिमेशनचे ऑस्कर मिळाले तो याच्यावरच केलेला आहे. बचत गट चालवणाऱ्या बायकांना वर्गणीची ही गोष्ट सांगितली की त्यांना फार नवल वाटत नाही.

आम्ही खळे मोजायला लागलो. मोजताना पहिली अडचण आली ती बिल्डरकडून नव्हे, घरातल्या पुरुषांकडून. त्यांच्याकडे गावाचा एक नकाशा होता, सोसायटीने मागे कुठल्याशा मागणीसाठी केलेला. त्यात जेट्टी होती, होड्या ओढायची जागा होती, बर्फाचा कारखाना, डिझेल, जाळी ठेवायची शेड, सगळे होते. खळ्याच्या जागी लिहिले होते: 'मोकळी जागा'. मी विचारले, तर एक भाऊ म्हणाले, "तिथं काय हाय? तिथं बायका बसतात." मी ऑफिसात जे पैसे घेऊन केले ते यांनी फुकट केले होते. बिल्डरच्या फाइलमध्येही त्या तुकड्यावर हेच दोन शब्द होते. या एका मुद्द्यावर दोघांचे छान जमले होते!

आणि कायद्यात काय आहे पाहा. किनारा नियमन क्षेत्राची जी अधिसूचना ६ जानेवारी २०११ ला निघाली, तिच्यात किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यांत मच्छीमारांची गावे, त्यांच्या सामाईक जागा, मासे वाळवायच्या जागा गावनकाशाच्या प्रमाणावर दाखवाव्यात असे सांगितले आहे. मासे वाळवायच्या जागा, असे शब्द आहेत त्यात. तेव्हा खळे नकाशात घाला ही काही दयेची मागणी नाही. पुढे १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर जिथे लोकवस्ती दाट आहे (दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त, २०११ च्या जनगणनेप्रमाणे) तिथे भरतीरेषेपासूनचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. बंगले आता खळ्याच्या जवळ सरकणार. अशा वेळी 'मोकळी जागा' हे शब्द फार महागात पडतील.

चित्र काढताना माझी खरी शिकवणी झाली. मी कॅमेरा सवयीप्रमाणे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, साडेपाच फुटांवर ठेवला होता. तिथून खळे म्हणजे जमिनीवरचा एक तपकिरी डाग दिसत होता, आणि मागे बंगले उठून दिसत होते. काकी म्हणाली, "आमी उभ्या कवा असतो? आमी तर बसलेल्या." मी कॅमेरा अडीच फुटांवर आणला. आणि काय सांगू, सगळे चित्रच बदलले. बोंबलांच्या ओळी डोक्यावर गेल्या, बांबूंची सावली अंगणभर पसरली, जवळ्याचा ढीग डोंगराएवढा झाला, बंगले त्याच्यामागे गेले. वीस वर्षे मी कॅमेरा ठेवते आहे. बसलेल्या बाईला जग कसे दिसते हे मी एकदाही पाहिलेले नव्हते.

बायकांनी चित्र पाहिले आणि लगेच खोड्या काढल्या. एक म्हणाली, कुत्रं नाय? कावळे नाय? कावळ्यांसाठी आम्ही दिवसभर काठी घेऊन बसतो. दुसरी म्हणाली, "तुजे चित्रान सगल्या तरण्या कशा गो? माजे गुडघे बघ." लायब्ररीतल्या देहांना कोळी पद्धतीचे लुगडे नेसवायला मला तीन आठवडे लागले होते, त्याचे कौतुक राहिले बाजूला! पण ती म्हणत होती ते खरे होते. तयार मिळणारे बाईचे देह सगळे एका साच्याचे. वाकलेली पाठ, सुजलेला गुडघा, मिठाच्या पाण्याने चिरलेली बोटे मला हाताने करावी लागली. पंधरा-सोळा वर्षांच्या दोन मुलींनी त्यात मदत केली. त्यांनी आपापल्या आज्यांचे हात समोर ठेवून मॉडेल केले. आता त्या माझ्यापेक्षा चांगले करतात.

सगळ्यांनाच हे पसंत आहे असे मात्र नाही. सर्वांत वयस्क असलेल्या एका आजीने पहिल्या दिवसापासून विरोध केला आहे. ती म्हणते, इतकी वर्षे आमचे कोणी मोजले नाही म्हणून आम्ही इथे आहोत. मोजले की कोणाच्या तरी कागदावर जाणार, आणि कागदावर गेले की घेऊन जाणार. तिला मी अडाणी म्हणू शकत नाही. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि त्या लोकांचे उरणला पुढे काय झाले, हे तिला माझ्यापेक्षा जवळून माहीत आहे. तेव्हा आम्ही ठरवले की फाइल माझ्याकडे राहणार नाही. ती बायकांकडे राहील आणि तिघींच्या संमतीशिवाय तिची प्रत कोणाला मिळणार नाही, सोसायटीलासुद्धा नाही. यावर सोसायटीत कुरकुर चालू आहे. चालू दे.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी मला म्हणतात, हे संगणकाचे खेळ मध्यमवर्गीय आहेत, मोर्चा काढ, धरणे धर. मोर्चाला मी येतेच. पण २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी होते तेव्हा समोरचे लोक काय घेऊन येतात ते आठवा. पडदा लावतात, अंधार करतात आणि चित्र दाखवतात. लोक चित्राकडे पाहत राहतात. त्यानंतर आपली एखादी उठते आणि तीन मिनिटांत, थरथरत्या आवाजात, आमचे खळे जाईल म्हणून सांगते. ज्यांनी खळे पाहिलेलेच नाही त्यांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहणार? चित्राला शब्दाने उत्तर देता देता आपण किती सुनावण्या हरलो! त्याच पडद्यावर, त्याच मोजमापाचे, त्याच सूर्याचे दुसरे चित्र लागले पाहिजे आणि ते आपण मागायला हवे. प्रकल्पाचे चित्र दाखवायचे असेल तर आज त्या जागेवर जे आहे तेही त्याच कोनातून दाखवा, माणसांसकट आणि कामासकट. बंगल्याच्या जाहिरातीलाही हाच नियम हवा. 'कलाकाराची कल्पना' एवढे लिहून सुटका नको, काय काय पुसले आहे ते लिहा.

आता तर नुसते चार शब्द सांगितले की यंत्रच चित्र काढून देते. मी गंमत म्हणून 'कोकणातला समुद्रकिनारा' असे सांगून पाहिले. निळे पाणी आले, पिवळी वाळू आली, एक रिकामी होडी आली. बायका नाहीतच. माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षे जे पुसले तेच ते शिकले असणार, दुसरे काय शिकेल? माझे काम यामुळे कमी होत चालले आहे. बिल्डरला आता निरोप पाठवायचीही गरज उरलेली नाही.

आणखी एक, घरचेच. वाड्या विकायच्या असतात तेव्हा भाऊ आधी हे असले चित्र मोबाइलवर दाखवतात, मग बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतात. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत बरोबरीचा वाटा १९९४ च्या दुरुस्तीने दिला, देशभर तो २००५ ला मिळाला. निळा समुद्र पाहून आणि माहेर तुटेल या भीतीने किती सह्या झाल्या असतील! या विषयावर वेगळे लिहायला हवे, कोणीतरी लिहा.

खळ्याचे निम्मे मोजून झाले आहे. खाडीच्या अंगाची बाजू राहिली आहे. तिथे ओहोटीला बायका कालवे फोडतात, तिसऱ्या वेचतात, आणि ती जागा तर पुरुषांच्या नकाशात 'मोकळी' म्हणूनसुद्धा नाही. ती भरतीच्या पाण्याखाली असते तेव्हा मोजता येत नाही. पुढच्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला सकाळी आम्ही सगळ्या जाणार आहोत. माझ्याकडे पन्नास फुटांची एकच टेप आहे आणि तिचे पहिले दोन फूट गंजले आहेत. ज्यांच्याकडे लांब टेप असेल त्यांनी घेऊन यावी. चपला जुन्या घाला, कालवांच्या शिंपा पाय कापतात.